बाहीवरची टिटवी

छावणी, उत्तर बंगाल
१० फेब्रुवारी २०२५

प्रिय यशदीप,

आपली भेट झालेली नाही. मी मेजर भार्गव इनामदार. गेल्या महिन्यात तुमच्या जुन्या पूल कंपनीची सूत्रं माझ्याकडे आली. मी मूळचा सांगलीचा. तुम्ही रायपूरचे असूनही घरी मराठी बोलता, असं हवालदार हरिदास पवारांनी सांगितलं, म्हणून हे पत्र मराठीत.

काम असं आहे. आपल्या कंपनीला स्वतःचं चिन्ह नाही. पूर आला की आपले जवान पूल टाकतात आणि निघून जातात. कोण आलं होतं, ते लोकांना कळतही नाही. आता बाहीवर लावायला आणि फाटकावर रंगवायला एक चिन्ह करण्याची परवानगी मिळाली आहे. त्यासाठी नेमलेल्या समितीने तीन नमुने काढलेत, ते सोबत पाठवतो. पहिल्यात वाघ आहे. दुसऱ्यात वाघ आणि वीज. तिसऱ्यात वाघ, वीज आणि तलवार. जवान बघतात, "छान आहे साहेब" म्हणतात आणि आपापल्या कामाला लागतात.

परवा स्टोअरच्या मागच्या भिंतीवर मला खडूची चित्रं दिसली. ओझं टाकून बसलेलं खेचर, पाण्यात पाय घालायला घाबरणारी हत्तीण. पावसाने पुसू नयेत म्हणून कुणीतरी वर पत्रा ठोकलाय. कोणी काढली, असं विचारलं तर सगळे एका सुरात म्हणाले, "यशदीपने." तो कुठे आहे म्हटलं, तर "नोकरी सोडून घरी गेला" एवढंच. हरिदास उस्ताद म्हणाले, "साहेब, त्याला पत्रच लिहा. फोन उचलत नाही तो."

आपल्या कंपनीचं चिन्ह तुम्ही काढावं, अशी माझी आणि सगळ्यांची इच्छा आहे. वेळ लागला तरी चालेल. चित्रकाराचा हात कधी थांबत नाही म्हणतात, तुमचाही थांबला नसेल.

आपला,
भार्गव इनामदार


समता कॉलनी, रायपूर
२१ फेब्रुवारी २०२५

मेजर साहेब,

जयभीम. मी यशदीपची आई, शांता धर्मपाल रामटेके. तुमचं पत्र मी फोडलं. यशदीप आता कोणतंच पत्र फोडत नाही.

चित्रकाराचा हात थांबत नाही असं तुम्ही लिहिलं. साहेब, माझ्या लेकाचा उजवा हात मनगटापासून नाही. तुमच्याच पुलावर गेला, येत्या पावसाळ्यात दोन वर्षं होतील. तुमच्याकडे एवढंही कोणाले माहीत नाही काय?

मी फोन नाही केला. फोनवर मी भांडली असती. मी भंडाऱ्याच्या मराठी शाळेत शिकलेली, लिहाले बसली का जरा थंड होते, म्हणून लिहून राहिली.

मी दवाखान्यात नर्स होती. दुसऱ्यांच्या लेकरांच्या जखमा आयुष्यभर धुतल्या, पण याची पट्टी बदलताना मी तोंड फिरवून घेई. आता जखम भरली. पोट्टा नाही भरला. खोलीत बसून राहते. नकली हात आला, तो डब्यातच आहे. कसं झालं विचारलं तर म्हणते, "काम करते वक्त फँस गया." बस. त्याचे बाबा रेल्वेच्या वॅगन कारखान्यात रिटायर होईपर्यंत राहिले, दहाही बोटं शाबूत घेऊन घरी आले. एक दिवस ते बोलून गेले, "लोखंडासमोर लक्ष ठेवा लागते बाबा." तेव्हापासून बापलेक एका ताटाशी बसत नाहीत.

तुमचं पत्र मी तुरीच्या डाळीच्या डब्यात लपवून ठेवलं आहे. त्याच्या हाती पडू देणार नाही. पुन्हा पत्र पाठवू नका, ही विनंती.

शांता रामटेके


छावणी
४ मार्च २०२५

आदरणीय शांताताई,

तुम्ही नको म्हटलं असताना लिहितोय. हे एकच, आणि ते तुम्हाला उद्देशून.

माझ्याकडून क्रूर वाक्य लिहिलं गेलं. मला माहीत नव्हतं, हे खरं. पण विचारायला हवं होतं, हेही खरं. क्षमा करा.

तुमचं पत्र वाचून मी हरिदास उस्तादांना बोलावलं. "तुम्ही मला सांगितलं का नाही?" त्यांनी टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाले, "सांगितलं असतं तर साहेब, तुम्ही पत्र लिहिलं नसतं. आणि मला ते तोंडाने सांगता येत नाही." त्या दिवशी मात्र त्यांनी सांगितलं. तुमच्या घरी ते पोचलेलं नाही असं दिसतं, म्हणून लिहितो.

नदीला पूर होता. पलीकडे शाळेच्या गच्चीवर गावातली माणसं अडकलेली. पूल जवळजवळ पलीकडे टेकला होता. तेवढ्यात वरून वाहत आलेलं मोठं खोड पुलाच्या पुढच्या टोकावर आदळलं आणि पूल आडवा सरकला. हरिदास उस्ताद दोन लोखंडी चौकटींमधल्या फटीत घसरले. यशदीपने डाव्या हाताने त्यांची कॉलर धरली आणि उजवा हात फटीतच चौकटीच्या कडेवर रोवून त्यांना वर ओढलं. फट मिटत येतेय हे त्याला दिसत होतं. उस्ताद ओरडत होते, "सोड, हात काढ." त्याने सोडलं नाही. उस्ताद वर आले आणि फट मिटली.

पूल त्याच दिवशी पुरा झाला. माणसं त्यावरूनच अलीकडे आली.

ताई, यशदीपचं लक्ष नव्हतं असं नाही. त्याचं पूर्ण लक्ष होतं. हे यशदीपच्या बाबांनाही कळावं, असं मला वाटतं.

चिन्हाचा विषय मी पुन्हा काढणार नाही.

आपला नम्र,
भार्गव इनामदार


समता कॉलनी, रायपूर
१२ एप्रिल २०२५

मेजर साहेब,

जयभीम. महिना झाला उत्तर दिलं नाही, राग नका मानू. आमच्या घरी खूप काही होऊन राहिलं आहे.

तुमचं पत्र मी यशदीपच्या बाबांले वाचून दाखवलं. त्यांनी चपला घातल्या आणि बाहेर गेले. मी म्हटलं, गेले असतील विहारात. संध्याकाळी आले तर सदर बाजारातून चित्राचे मोठे कागद, पेन्सिली, रंगाच्या डब्या घेऊन आले. त्याच्या दारात ठेवलं सगळं. म्हणाले, "यशदीप, मले कोणी सांगतलं नव्हतं रे." आणि तिथंच खाली बसले. मग दार उघडलं. यशदीप म्हणाला, "बाबा, उठो. घुटना दुखेगा." दोघं काय बोलले मले माहीत नाही, मी स्वयंपाकघरात गेली. पण त्या दिवशी दोघं संगं जेवले.

आता तुमचं पहिलं पत्र. लपवण्यात काही अर्थ राहिला नव्हता. मी त्याच्यासमोर ठेवलं. मले वाटलं तो फाडते. त्यानं वाचलं, मग ते तीन वाघ पाहिले. आणि साहेब, तो हसला! मी पोळी तव्यावर टाकून धावत गेली. म्हणे, "आई, ये देख. ये शेर पुल बनाएगा क्या? पहली लहर में डूबेगा." मी किती दिवसांनी ते दात पाहिले.

मग त्यानं साक्षीले बसवलं. साक्षी माझी लहान, नवा रायपूरले ऑफिसात नोकरी करते. हा सांगते, ती काढते. आणि भांडण! "चोच बंद काहून केली?" "भैया, खुली चोंच अच्छी नहीं दिखती." "बंद चोचीची टिटवी म्हणजे कोंबडी." हो साहेब, टिटवी. त्याच्या डोक्यात वाघ नाही, सिंह नाही, टिटवीच बसली आहे. साक्षीनं कधी नीट टिटवी पाहिलीच नव्हती. शेवटी तीच म्हणाली, "चलो, दिखाती हूँ," आणि त्याले स्कूटरवर मागं बसवून घेऊन गेली. नवा रायपूरले रस्ते रुंद अन् प्लॉट रिकामे, तिथं खडीवरच टिटव्या अंडी घालतात. यशदीप उन्हात उकिडवा बसून राहिला, टिटवी त्याच्या डोक्यावरून ओरडत फिरत होती. साक्षी म्हणते, लोक गाड्या थांबवून पाहत होते आणि भैयाले त्याचं काहीच नव्हतं. पहिल्यांदाच.

घरी येऊन त्यानं साक्षीच्या हातातून पेन्सिल घेतली. डाव्या हातानं. रेघ वाकडी आली, फेकली. पुन्हा काढली. आठवडा गेला त्यात. साक्षीनं मग ते साफ करून काढलं, पण उघडी चोच आणि मान त्याचीच आहे, तिनं हात लावला नाही.

चित्र सोबत पाठवते. तुम्ही विषय काढणार नाही म्हणाले होते. आम्हीच काढला.

शांता रामटेके

ता. क. शेजारच्या पूर्णिमा दीदी म्हणाल्या, टिटवी अपशकुनी असते, असं चित्र घरात ठेवू नये. यशदीपच्या बाबांनी त्यांले चहा पाजला आणि म्हणाले, "आमच्या घरात शकुन पाहत नाही, दीदी."


छावणी
३ मे २०२५

आदरणीय शांताताई, आणि यशदीप,

जयभीम. चित्र मिळालं. मी ते जेवणाच्या हॉलमध्ये लावलं आणि बाजूला उभा राहिलो. खाली पाण्याच्या लाटा, त्यांवर पुलाची सरळ रेघ, रेघेवर उभी टिटवी, पिवळे लांब पाय, चोच उघडी. या वेळी कुणी "छान आहे साहेब" म्हणून निघून गेलं नाही. वाद सुरू झाला. अर्धे म्हणाले, हीच पाहिजे. अर्धे म्हणाले, दुसऱ्या कंपन्यांच्या बाहीवर गरुड आणि बिबटे, आणि आपण टिटवी लावून हिंडायचं? एका जुन्या सुभेदारांनी सांगितलं, त्यांच्या गावात टिटवी ओरडली की म्हातारी माणसं देवाचं नाव घेतात.

समितीनेही पाहिलं. अध्यक्षांना रेघ आवडली, पण त्यांचं म्हणणं, पक्षी फार साधा आहे. त्याच्या पायात एक तलवार द्या, म्हणजे सैन्याचं चिन्ह वाटेल. मला तो मधला मार्ग बरा वाटला. तुमची हरकत नसावी, असं धरून चालतो.

एक विचारायचं आहे. मी इंजिनियर माणूस. समितीला नीट सांगण्यासाठी मला कळलं पाहिजे, टिटवीच का?

आपला,
भार्गव


समता कॉलनी, रायपूर
१६ मे २०२५

मेजर साहेब,

जय हिंद. मी सांगून राहिलो आणि आई लिहून राहिली. माझी मराठी बोलण्यापुरती.

हरकत आहे.

त्या पुराच्या आधी आमचा कॅम्प नदीच्या पात्राजवळ लागला होता. टिटव्या नेहमी वाळूवर अंडी घालतात. त्या साली कॅम्पमागच्या उंच टेकाडावर घातली. माझे आजोबा म्हणत, टिटवी अंडी जितकी उंच घालते तितकं पाणी चढते. खरं का खोटं, मले माहीत नाही. मी उस्तादले दाखवलं. उस्ताद मले हसले, पण डिझेलचे पिंप आणि पुलाचं सामान त्यांनी वर हलवलं. चौथ्या दिवशी कॅम्पच्या जागेवर कमरेइतकं पाणी. सामान खाली असतं तर पूल झालाच नसता.

पण त्यासाठी टिटवी नाही काढली. पाणी चढलं तेव्हा बगळे गेले, कावळे गेले, घारी वर गेल्या. ती एकटी पाण्याच्या काठावर उभी होती आणि ओरडत होती. पाणी जवळ आलं की दोन पावलं मागं, पुन्हा उभी. साहेब, आपण दुसरं काय करतो? सगळे नदीपासून पळतात तेव्हा आपली गाडी नदीकडे जाते.

तलवार कोणावर चालवायची? नदीवर?

अपशकुनाचं सुभेदार साहेबांले सांगा, ती ओरडते म्हणून कोणी मरत नाही. ती ओरडते म्हणून झोपलेली माणसं उठतात.

तुम्ही मधला मार्ग म्हणता. तलवार दिली की ते चित्र माझं नाही. मग वाघच लावा, माझा कागद परत पाठवा. मी नाराज होणार नाही. पण त्याखाली माझं नाव येऊ नये.

आणि उस्तादले सांगा, मी त्यांचा फोन उचलत नाही कारण ते रडतात. ते रडले की मले वाटते मी मेलो. मी मेलो नाही.

यशदीप रामटेके

(आईकडून: साहेब, हा एवढं बोलला. मध्ये पाणीसुद्धा प्याला नाही. तुम्ही त्याचं ऐका की नका ऐकू, पण हे मी तुम्हाले सांगून ठेवते. – शांता)


छावणी
२८ ऑगस्ट २०२५

प्रिय यशदीप, आदरणीय शांताताई,

जयभीम. उशीर झाला. या पावसाळ्यात आम्हाला तीनदा बाहेर पडावं लागलं. सगळी माणसं सुखरूप आहेत.

आता समितीची गोष्ट. तुमचं पत्र वाचून मला माझीच लाज वाटली. मधला मार्ग मी सोयीसाठी धरला होता. बैठकीत मी तलवारीला विरोध केला. अध्यक्ष म्हणाले, "मेजर, सैनिकाच्या बाहीवर शस्त्र नको, हे मला कुणीतरी पटवून द्या." मी नकाशे, आकडे काढायला लागलो. तेव्हा मागे उभे असलेले हरिदास उस्ताद म्हणाले, "साहेब, मी बोलू?"

त्यांनी टेकाडावरच्या अंड्यांचं सांगितलं. सामान वर हलवल्याचं सांगितलं. मला वाटलं, इथेच थांबतील. पण त्यांनी पुढचंही सांगितलं, सगळ्यांसमोर, अख्ख्या बैठकीसमोर. "फट मिटत होती साहेब. यशदीपच्या हातात त्या वेळी शस्त्र असतं तर त्याने ते टाकलं असतं आणि माझी कॉलर धरली असती. आमचं काम धरून ठेवायचं आहे. म्हणून तलवार नको." आणि यशदीप, ते रडले नाहीत. आवाज फाटला होता, पण रडले नाहीत. तुझा निरोप मी त्यांना शब्दशः दिला होता.

अध्यक्षांनी चित्र जवळ ओढलं. मग म्हणाले, "चोच उघडीच ठेवा." तलवार गेली. बदल एकच झाला, तीनऐवजी दोन लाटा, कारण लहान बिल्ल्यावर भरतकामाचा दोरा तिथे दाटतो. ते तुला चालेल अशी आशा आहे. नसेल चालत तर कळव, मी पुन्हा भांडेन.

वरून मंजुरी आली. पहिले बिल्ले शिवून तयार आहेत. सुभेदार साहेबांनी सगळ्यात आधी लावला.

उस्ताद दिवाळीनंतर रजेवर गावी जाणार आहेत. वाटेत रायपूरला उतरून तुला बिल्ला द्यायचा म्हणतात. त्यांनी मला विचारायला सांगितलं आहे, त्यांनी यावं का?

तुझा,
भार्गव


समता कॉलनी, रायपूर
२ नोव्हेंबर २०२५

भार्गव साहेब,

सप्रेम जयभीम. यशदीपनं तुम्हाले फोन करून "भेजो" एवढंच सांगतलं होतं. पुढचं मी लिहिते, कारण तो नीट सांगणार नाही.

हरिदास भाऊ परवा आले. एकटे नाही, बायको आणि लेकरू घेऊन आले. मले तर माहीतच नव्हतं त्यांले लेकरू आहे. मुलगी, शर्मिष्ठा नाव, अजून वर्षाची व्हायची आहे. लग्नाले कितीतरी वर्षं झाली होती म्हणे, सगळ्यांनी आशा सोडली होती. पूर झाला त्याच्या पुढच्या साली झाली. हे त्यांनी यशदीपले कधी सांगतलं नव्हतं. कोणत्या तोंडानं सांगू, असं ते म्हणत, हे त्यांच्या बायकोनं मले सांगतलं.

भाऊ दारातच उभे. यशदीप उठला, म्हणाला, "उस्ताद, अंदर आइए, धूप है." ते आत आले. दोघं समोरासमोर बसले. भाऊंनी बिल्ला काढला, यशदीपच्या डाव्या हातावर ठेवला. त्यानं उलटसुलट करून पाहिला, बोटानं दोरा चाचपला. मग म्हणाला, "दोन लाटाच बऱ्या दिसतात." एवढं बोलल्यावर सगळ्यांले श्वास आला. मग दोघांचं सुरू झालं, कोण कुठं आहे, कोणाची बदली झाली, कोणत्या नदीवर पूल टाकला. त्याचे बाबाही मध्ये मध्ये लोखंडाचं विचारत होते. साक्षी सुट्टी घेऊन घरीच होती, तिनं दोघांचा फोटो काढला.

मी चहा कराले उठली. बाहेर येते तर काय पाहते, ती पोट्टी रांगत रांगत यशदीपच्या खुर्चीपाशी पोचली होती. साहेब, ती अजून उभी राहत नव्हती, पडत होती, असं तिच्या आईनं आल्या आल्या सांगतलं होतं. यशदीपचा तो हात खुर्चीच्या काठावर होता. बाहेरचं कोणी आलं का तो हात पाठीमागं नेते. त्या वेळी बोलण्याच्या नादात राहून गेला असेल. पोट्टीनं तो हात धरला, जिथं संपते तिथंच, दोन्ही मुठींनी. आणि उठाले लागली.

तिची आई "अगं अगं" करत धावली. यशदीप म्हणाला, "रहने दो, भाभी." आवाज एकदम हळू. भाऊ बोलता बोलता थांबले. यशदीपनं हात जरासाही हलवला नाही, घट्ट धरून ठेवला, तिले वजन टाकता यावं म्हणून. ती डगमगली, पुन्हा जोर लावला, आणि सरळ उभी राहिली. मग आमच्या सगळ्यांकडे पाहून टाळी वाजवाले गेली आणि बदकन खाली बसली.

माझ्या हातातला चहा थंड होऊन गेला, पुन्हा करावा लागला.

तुम्ही केव्हा येता ते कळवा. यशदीप म्हणते, साहेबांले उडदाचा बडा खवाऊ.

शांता रामटेके